कोणाकडे उतरलात?

बीडच्या जुन्या शहरात मी ज्या लॉजवर उतरतो त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या पाटीवरची अक्षरंही आता धड वाचता येत नाहीत. खाली भांड्यांचं दुकान, शेजारून अंधारा जिना आणि वर सात खोल्या. खोलीत लोखंडी कॉट, भिंतीला खुंट्या, एक प्लास्टिकची खुर्ची. किल्लीला लाकडाचा एवढा मोठा ठोकळा बांधलेला, की विसरून खिशात घालतो म्हटलं तरी घालता येत नाही. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, बादलीनं. पहाटे एका बाजूनं अजान येते, थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं देवळातली घंटा, आणि मग शटर उघडल्याचे आवाज. बार्शी रोडला, जालना रोडला आता यापेक्षा बरी हॉटेलं झाली आहेत, काहींना लिफ्टही आहे. पण मला वेशीच्या आत राहायला आवडतं. स्वस्त पडतं, हे पहिलं कारण. दुसरं कारण या लेखाचा विषय आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. लातूरला एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. मूळ गाव केज तालुक्यातलं. मराठवाड्यातल्या जुन्या वाटा, मुक्काम, धर्मशाळा, सराया यांची टिपणं गोळा करायचा नाद कधी लागला ते सांगता येणार नाही. पण तो पुरवायचा तर रजा काढून, पदरचे पैसे घालून हिंडावं लागतं. त्यामुळे लॉज हा माझ्या अभ्यासाचा विषय होण्याआधी गरजेचा विषय होता.

या लॉजवर पहिल्यांदा आलो तेव्हा गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या चाचांनी भाडं सांगण्याआधी, नाव विचारण्याआधी एकच प्रश्न केला. "कोणाकडे आलात?"

मी म्हणालो, "कोणाकडे नाही. काम आहे, दोन दिवस राहीन."

"ते ठीक आहे हो. पण इथं कोण आहे तुमचं?"

त्यात संशय नव्हता. उलट थोडी काळजीच होती. एवढ्या लांबून माणूस बीडला येतो आणि त्याचं इथं कोणीच नाही, हे त्यांना बरं वाटत नव्हतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण रात्री कॉटवर पडल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. मराठीत माणूस लॉजवर 'राहत' नाही, 'उतरतो'. घोड्यावरून, बैलगाडीतून, आता एसटीतून. आणि "कुठं उतरलात?" असं विचारणाऱ्याला उत्तरात जागेचं नाव नको असतं, माणसाचं हवं असतं. अमक्याकडे, तमक्यांच्या वाड्यावर, मामांकडे. जुन्या शहरात कोणाकडे तरी उतरल्याशिवाय रात्र काढताच येत नव्हती, ही गोष्ट आपल्या भाषेनं अजून धरून ठेवली आहे. कोणाचाही नसलेला माणूस, नुसते पैसे टाकून, वेशीच्या आत रात्रभर झोपू शकतो, ही सोय आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. ती कशी आणि कोणासाठी आली, एवढंच मला शोधायचं आहे.

बीड हे वाटेवरचं गाव. लोकपरंपरा त्याचं जुनं नाव चंपावतीनगर सांगते. आजचं नाव मुहम्मद बिन तुघलकाच्या वेळचं मानतात. 'बीर' म्हणजे विहीर, आणि इथं हातभर खणलं की पाणी लागे, म्हणून हे नाव, अशी व्युत्पत्ती देतात. ती खरी असो वा नसो, वाटसरूनं गावाला पाण्यावरून नाव द्यावं हे पटण्यासारखं आहे. देवगिरीहून वरंगळकडे जाणाऱ्या फौजा या बाजूनं जात. तुघलकानं दिल्ली-दौलताबाद वाटेवर मुक्कामाच्या जागा, झाडं आणि पाण्याची सोय केली असं जुने इतिहासकार लिहितात; इब्न बतूतानं त्याच्या डाकेची, घुंगरू लावलेली काठी घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्यांची मोठी तारीफ केली आहे. खुद्द सुलतान वरंगळहून आजारी परतताना बीडला थांबला तेव्हा त्याचा एक दात पडला. फरिश्ता सांगतो की त्यानं तो समारंभानं पुरायला लावला आणि वर कबर उभारली. बीडजवळच्या टेकडीवर ती दाताची कबर म्हणून दाखवतात. शाळेत सहलीला आम्हाला हे सांगितलं तेव्हा सगळी पोरं हसली होती. आता मला त्याचं वेगळं गंमत वाटते: बीडला येऊन गेलेल्या परक्यांपैकी कायमचा मुक्काम मिळाला तो राजाच्या दाताला.

पुढं हे शहर बहामनी, निजामशाही, मोगल आणि अखेर हैदराबादच्या आसफजाही राजवटीत राहिलं. निजामशाहीत मुर्तझाशहाच्या काळात सलाबतखानानं १५८२ मध्ये शहराच्या दक्षिणेला खजाना विहीर बांधवली. तिच्यातले भुयारी पाट मैलोन्‌मैल बागांना पाणी नेत. जमिनीखालचं पाणी एवढ्या हिशेबानं वळवणाऱ्या या शहरानं जमिनीवरची माणसंही तितक्याच हिशेबानं वळवली. तट होता, वेशी होत्या. कोतवाली वेस, राजुरी वेस, धोंडीपुरा वेस, माळीवेस ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरतात. तटाचे तुकडे उरलेत, काही वेशी उभ्या आहेत, बाकीच्या फक्त नावाला. बिंदुसरेच्या पलीकडे पेठ बीड. तटबंदीच्या कोणत्याही शहराप्रमाणे इथंही रात्री दरवाजे लागले की बाहेरचा बाहेर.

कोतवाली वेशीपाशी उभं राहिलं की मला हटकून 'आईन-इ-अकबरी' आठवते. अबुल फजलनं त्यात कोतवालाची कामं दिली आहेत. घराघराची नोंद ठेवायची, मोहल्ल्यामोहल्ल्याला एक प्रमुख नेमायचा, रोज कोण आलं कोण गेलं याची खबर त्याच्या सहीनं घ्यायची. आणि ज्यांना शहरात कोणी ओळखत नाही अशा आल्यागेल्यांसाठी वेगळी सराई ठेवून त्यांना तिथंच उतरवायचं, त्यांच्यावर हेर लावून माहिती काढायची. बीड मोगलांकडे कायमचं गेलं ते शहाजहानच्या काळात. पण कारभाराची रीत मोगलांबरोबर दक्षिणेतही आली. या एका कलमात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे अनोळखी माणूस शहरात येणारच, त्याला छप्पर द्यावं लागणार, हे राज्यानं मान्य केलं होतं. दुसरी म्हणजे अनोळखी असणं हाच संशयाला पुरेसा आधार होता. ज्याचं कोणी नाही त्याला कोतवालाच्या नजरेखाली झोपायचं. आज लॉजच्या गल्ल्यावर जे लांबोळकं रजिस्टर असतं, 'कोठून आले', 'कोठे जाणार', 'येण्याचे कारण' अशा रकान्यांचं, ते मला त्या सराईचंच वंशज वाटतं. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ साली सराई कायदा झाला तेव्हाही सराईवाल्यानं आपलं नाव नोंदवायचं, जागा झाडून ठेवायची आणि मागितल्यास उतारूंची खबर सरकारला द्यायची, हाच त्याचा गाभा होता.

सरकारी सराईपेक्षा प्रत्यक्षात जास्त माणसं देवाधर्माच्या आसऱ्याला झोपत. बीडच्या पूर्वेच्या टेकडीवर शहेनशाहवलींचा दर्गा आहे, चौदाव्या शतकातला. चिश्ती परंपरेत खानकाह म्हटलं की लंगर आला, आणि आल्यागेल्याची पथारीही आली. मन्सूरशहांचा दर्गा तर मराठी इतिहासाशी थेट बांधलेला आहे. पानिपतानंतर महादजी शिंद्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता तेव्हा घरची मंडळी या फकिराच्या पायाशी आली आणि तो सुखरूप येईल असं त्यानं सांगितलं, अशी आख्यायिका आहे. पुढं महादजींनी त्यांना गुरू मानलं आणि ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात त्यांचा मान आजही चालू आहे. हरवलेल्या प्रवाशाची चौकशी करायला माणसं फकिराकडे जात, यातही मला मुक्कामाच्या इतिहासाचा धागा दिसतो. रोज नव्या वाटसरूंची ये-जा असलेल्या जागी चार दिशांच्या बातम्या आपोआप जमत.

देवळांचंही तसंच. पाण्यात उभ्या असलेल्या कंकालेश्वराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला, खंडोबाच्या टेकडीवर, माणसं ओवऱ्यांत झोपत. आषाढीच्या आधी मुक्ताबाईंची पालखी बीडला मुक्कामाला येते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून जाते. त्या रात्री शाळा, देवळं, मंगल कार्यालयं, लोकांच्या ओसऱ्या सगळं उघडं असतं. वारकऱ्याला कोणी "कोणाकडे उतरलात" विचारत नाही, कारण त्याचं उत्तर गळ्यातल्या माळेनं आधीच दिलेलं असतं.

पण इथंही माणूस 'कोणाचा तरी' असावाच लागतो. दर्ग्यात तो पिराचा मुरीद किंवा जायरीन, देवळात यात्रेकरू, धर्मशाळेत जिनं ती बांधली त्या जातीचा किंवा जमातीचा. शेरशहानं आपल्या सरायांत हिंदूंची आणि मुसलमानांची वेगळी व्यवस्था केली होती, हिंदूंना पाणी द्यायला आणि रांधायला ब्राह्मण नेमले होते, असं अब्बासखान सरवानी लिहितो. त्या काळात हे औदार्यच होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या दोन दारांपैकी कोणत्याच दारातून आत न येऊ शकणारी माणसं होती, आणि त्यांच्यासाठी नेमलेलं कोणी होतं असं त्या वर्णनात नाही.

जुन्या गॅझेटिअरमध्ये बीडच्या दोन जिनसांची ख्याती सांगितली आहे. एक गुप्ती आणि दुसरी चामड्याची छागल. वाटसरूची पाण्याची पिशवी. उन्हातान्हात उंटाच्या, घोड्याच्या, बैलगाडीच्या बाजूला लटकणारी, पाणी गार ठेवणारी छागल. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. प्रवाशाचं पाणी ज्या चामड्यातून जाई ते कमावणारे आणि शिवणारे हात आपल्याकडे कोणाचे असत हे सांगायला नको. त्या हातांच्या माणसाला परगावी गेल्यावर पाणी कोण देई? गावाला कुसू असे, आणि त्यांची वस्ती कुसाबाहेर असे. 'गावकुसाबाहेर' हा शब्द आपण इतक्या वेळा वाचलाय की त्यातली भिंत दिसेनाशी झाली आहे. परगावी जाताना तो माणूस त्या गावच्या कुसाबाहेरच्या वस्तीत, आपल्या माणसांत उतरे. शहराच्या वेशीतून तो कामाला आत येई, झोपायला बाहेर जाई.

पैसे असले तर हे बदललं असतं का, याचं उत्तर बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या छोट्या आत्मकथनात दिलं आहे. १९१७ साली ते परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर झाले. बडोदा म्हणजे गायकवाडांचं, चार दरवाजांचं तटबंद शहर. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न हाच, की उतरायचं कुठं. हिंदूंच्या खानावळीत जायची सोय नाही, ओळख लपवून जायचं तर शिक्षणासाठी गेलेले हे गृहस्थ कोण हे लोकांना ठाऊक असण्याची धास्ती. ओळखीच्यांकडे जावं तर ते काय म्हणतील याची खात्री नाही. शेवटी पारशी धर्मशाळा मिळाली. रखवालदारानं आधी पारशी समजून घेतलं, मग सदरा-कस्ती नाही हे पाहून नकार दिला, आणि अखेर रजिस्टरात पारशी नाव लिहायच्या अटीवर खोली दिली. दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, बाहेर मोडक्या बाकांनी आणि फळ्यांनी भरलेलं अंधारं दालन, रात्री उजेडाला रखवालदाराचा एक कंदील. त्या एकांतात ते पुस्तक वाचून दिवस काढत होते. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळच्या आत जागा सोड, असं सांगून गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानं आपापल्या अडचणी सांगितल्या. ते कमाटी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले.

मला त्या प्रसंगात काठ्यांपेक्षा ते रजिस्टर जास्त टोचतं. भाडं दिलेलं आहे, खोली रिकामी पडून आहे, मालकाला गिऱ्हाईक हवंच आहे. सगळा व्यवहार पुरा झालेला आहे. आडलं ते फक्त नावाच्या रकान्यात.

दुसरा प्रसंग आपल्याच मुलखातला. १९३४ साली सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर ते वेरूळ पाहायला निघाले, वाटेत दौलताबादला थांबले. निजामाचा मुलूख, रमजानचा महिना. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला हौद होता. धुळीनं माखलेल्या मंडळींनी हातपाय, तोंड धुतलं. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. जमाव जमला. शिवीगाळ झाली. शेवटी सशस्त्र शिपाई बरोबर देऊन, आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर किल्ला पाहू दिला. बडोद्याला पारशी, दौलताबादला मुसलमान. हिंदूंची रीत हिंदूंपुरती राहिली नव्हती. जो कोणी या भूमीवर तट बांधून राहिला त्याला ती लागली.

निजामाच्या राज्यात डाकबंगले होते, ते साहेबांसाठी आणि अंमलदारांसाठी. मोठ्या स्टेशनांजवळ मुसाफिरखाने होते. हैदराबादला नामपल्ली स्थानकासमोरची सराई प्रसिद्धच आहे. बीडला स्टेशनच नव्हतं. जिल्ह्यात रेल्वे आली ती परळीला. निजामाच्या राज्यानं १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू केली, पुढं १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि एसटीचा लाल डबा खेडोपाडी पोचला. माझ्या मते आपल्याकडच्या साध्या लॉजचा खरा जनक हा एसटीचा स्टँड आहे. कोर्टाची तारीख, कलेक्टर कचेरी, सिव्हिल हॉस्पिटल, मोंढ्यातली पट्टी, अशी कामं घेऊन खेड्यातला माणूस जिल्ह्याच्या गावी येऊ लागला आणि संध्याकाळची मुक्कामी गाडी चुकली की अडकू लागला. 'कॉट बेसिस' ही पाटी अशा माणसासाठी लागली. खोली नव्हे, एक कॉट. शेजारच्या कॉटवर कोण झोपेल ते त्याच्या हातात नाही.

या पाट्या लागण्याच्या सुमारासच कायदाही बदलला होता. घटनेच्या पंधराव्या कलमानं दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तळी सर्वांना खुली केली. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदा त्याच्याही पुढं गेला. त्यात ज्या जागा नावानिशी घातल्या आहेत त्यांत धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे तीन शब्द आहेत, आणि तिथल्या भांड्यांचाही उल्लेख आहे. इंग्रजी कायद्यात हे तीन देशी शब्द जसेच्या तसे लिहावे लागले, कारण तीन वेगळ्या प्रकारची दारं बंद होती. कायदा लिहिणाऱ्याला ती दारं माहीत होती, हे त्या शब्दांवरून कळतं. ती उघडली किती, हे मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. म्हणून मला माझ्या घरचीच एक गोष्ट सांगावी लागते.

आमच्या जमिनीचा एक दावा बीडच्या कोर्टात बरीच वर्षं चालला होता. वडील तारखेला जात तेव्हा भाकरी बांधून नेत आणि रात्र पडली तर वकिलांच्या ओसरीवर झोपत. पक्षकारांनी ओसरीवर झोपायचं ही रीतच होती. त्या दाव्यात आमच्या गावच्या महारवाड्यातले एक गृहस्थ साक्षीदार होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. बांध कुठं होता हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. वडिलांबरोबर तेही बीडला जात. दिवसभर दोघं बरोबर, कोर्टाच्या आवारात एकाच झाडाखाली. संध्याकाळी वडील ओसरीवर आणि आबा स्टँडवर. आबा म्हणायचे, "मला तिथंच बरं वाटतंय, हवा असती." ओसरीवर त्यांना कोणी नको म्हटलं असं नाही. कोणी या म्हटलं असंही नाही. माझे वडील वाईट माणूस नव्हते, पण इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न एकदाही स्वतःहून काढला नाही, हे मला इथं लिहिलं पाहिजे.

१९७८ साल. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि नंतरच्या दिवसांत मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण बोलणं बंद झालं होतं. पावसाळा संपल्यावर साक्षीची तारीख लागली. मी नऊ वर्षांचा होतो, हट्ट करून बरोबर गेलो. साक्ष झाली, उशीर झाला, गाडी गेली. वडिलांनी त्या रात्री वकिलांची ओसरी धरली नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढं विचारायचं राहून गेलं. ते आम्हाला दोघांना घेऊन वेशीच्या आतल्या एका लॉजचा जिना चढले. कॉटला तीन रुपये. दोन कॉटची खोली मिळाली. एका कॉटवर वडील आणि मी, दुसऱ्यावर आबा. गावात वडिलांनी आबांच्या घरी कधी पाणी घेतलं नव्हतं आणि आबा आमच्या ओट्याच्या वर कधी आले नव्हते. इथं दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं आणि तांब्या एकच होता.

रजिस्टर लिहिताना मॅनेजरनं विचारलं, "आडनाव?" वडिलांनी आमचं सांगितलं. मग आबांकडे बघून त्यानं विचारलं, "आणि यांचं?" वडील म्हणाले, "आमच्याच गावचे. सोबत आहेत." मॅनेजरनं लिहिलं: सोबत इसम एक, मूल एक.

त्या एका ओळीचा मी गेली कित्येक वर्षं विचार करतो आहे. त्या दिवसांत आबांचं नाव उच्चारलं असतं तर खोली मिळाली नसती, अशी भीती वडिलांना वाटली असेल. कायदा त्यांच्या बाजूनं होता, पण रात्री आठ वाजता कायदा कुठं शोधणार? म्हणजे त्यांनी आबांना झाकलं. किंवा नाव सांगायची त्यांना स्वतःलाच लाज वाटली असेल, आणि म्हणजे त्यांनी आबांना पुसलं. बडोद्याला खोटं नाव लिहावं लागलं होतं. बीडला साठ-एकसष्ट वर्षांनंतर नावच लिहिलं गेलं नाही. पुढं मी मोठा झाल्यावर त्या लॉजचं जुनं रजिस्टर मिळतं का पाहायला गेलो. लॉज बंद होऊन त्या जागी कापडाचं दुकान झालं होतं. जुने कागद १९८९ च्या जुलैतल्या बिंदुसरेच्या पुरात गेले असतील, नाहीतर रद्दीत. कोतवालाच्या सराईपासून आजपर्यंत कोट्यवधी उतारूंची नावं लिहिली गेली असतील, आणि इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती त्यातलं जवळजवळ काही लागत नाही. लॉजचं रजिस्टर कोणी जपून ठेवत नाही. पोलिसांनी बघितलं की त्याचं काम संपतं.

तरीही, ओसरीवर जे घडलं नाही ते त्या ढेकणांच्या खोलीत घडलं, हे मी सोडू शकत नाही. खानकाहनं नव्हे, धर्मशाळेनं नव्हे, आमच्या गावानं तर नव्हेच. तीन रुपये कॉटच्या लॉजनं त्या दोघांना एका छपराखाली आणलं. त्यात कोणाचं औदार्य नव्हतं. मॅनेजरला दोन कॉट भरायच्या होत्या, एवढंच.

आता आधार कार्डाची झेरॉक्स घेतात. त्यावर आडनाव ठळक असतं, त्यामुळे विचारावं लागत नाही. चाचांच्या जागी त्यांचा मुलगा बसतो, तो "कोणाकडे आलात" असं विचारत नाही. मोबाइलवर फोटो काढतो आणि किल्ली पुढं सरकवतो. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली. १९९५ साली मंजूर झालेला मार्ग. स्टेशनाच्या रस्त्याला नवी लॉजेस होतील आणि वेशीच्या आतली ही चार-दोन जुनी बंद पडतील, असं तो म्हणाला. पडतीलही.

मागच्या खेपेला दिवाळी चार दिवसांवर होती. रात्री जेवून परत येताना बिंदुसरेच्या पुलावर ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, वर बसलेली बायका-पोरं. ऊसतोडीला निघालेले. मुकादमाची उचल घेतलेली, आता पाच-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडात पाचटाच्या कोपीत मुक्काम. एका पोरानं मला विचारलं, "तुमी कुनाकडं आलाव?" मी लॉजकडे बोट दाखवलं. त्याला ते उत्तर वाटलं नसावं, तो माझ्याकडे बघतच राहिला.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा बीडची ती रात्र आठवते का म्हणून विचारलं. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील; रजिस्टराबद्दल, वडिलांबद्दल, त्या सालाबद्दल.

"आठवती की," आबा म्हणाले. "ढेकूण लई व्हते. मला डोळ्याला डोळा नाही लागला. तुझा बाप मातर घोरत व्हता."